पाकिटातलं जुनं कार्ड

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीत राहतो. हे 48 वर्षांचे, मी 44. मुलगा बारावीत, मुलगी आठवीत आणि 73 वर्षांच्या सासूबाई आमच्याकडेच असतात. आमचं केशरी रेशनकार्ड आहे. हे रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. 2019 मध्ये कंपनीने तो विभागच बंद केला. तेव्हापासून हे स्वतः इलेक्ट्रिकची कामं घेतात, महिन्याला 25 ते 35 हजार सुटतात. कंपनीत होते तोवर सगळ्यांचा मेडिक्लेम होता. सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन त्यावरच झालं. त्यानंतर आजपर्यंत आमच्या घरात कोणाचाही विमा नाही. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या शिबिरात ह्यांना शुगर निघाली, सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. मी मागच्या वर्षापासून महापेला एका ऑफिसात डेटा एन्ट्री करते. पगार 16 हजार, पीएफ आणि ईएसआयचे 120 रुपये कापून हातात साडेचौदा येतात. फेब्रुवारीत समोरच्या विंगमधल्या काकांची अँजिओप्लास्टी झाली, सोसायटीच्या ग्रुपवर वर्गणी काढावी लागली. तेव्हापासून मला झोप नाही. विषय काढला की हे म्हणतात, "इतकी वर्षं काही झालं नाही, आणि झालंच तर सरकारी योजना आहे की." घरी एक एजंट येऊन गेला. शुगरचं ऐकून म्हणाला, "वहिनी, फॉर्मवर लिहू नका. हप्ता वाढेल, नाहीतर पॉलिसीच मिळणार नाही. आणि चार-सहा महिने तपासण्याही करू नका, रेकॉर्ड होतं." दोन-अडीच हजार महिन्याला मी काढू शकते. फार उशीर झालाय का? खरं लिहावं की नाही? ह्यांच्या पाकिटात अजून जुन्या कंपनीचं मेडिक्लेमचं कार्ड आहे, ते टाकूनही देत नाहीत. (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही ओघात लिहून गेलात आणि माझी नजर तिथेच अडकली. "ईएसआयचे 120 रुपये कापून." अहो, हाच तर विमा आहे! तुम्ही सगळ्या घराची काळजी करत बसलात आणि घरातला एकमेव विमा तुमच्याच पगाराच्या स्लिपवर आहे.

ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू होतो. तुमच्या पगारातून पाऊण टक्का जातो, म्हणजे 16 हजारांवर 120 रुपये, आणि मालक स्वतःच्या खिशातून सव्वातीन टक्के भरतो, म्हणजे 520. हे पैसे जातात म्हणून तुमच्यावरच नाही, तुमच्या यजमानांवर आणि शिकणाऱ्या मुलांवरही उपचार होऊ शकतात. यात शुगर आधीपासून होती का, हे कोणी विचारत नाही. तीन वर्षं थांबा, असंही कोणी म्हणत नाही. उद्या ऑफिसात गेलात की पहिल्यांदा तुमचा ईएसआयचा नंबर मागा आणि ई-पहचान कार्डाची प्रिंट काढून घ्या. त्या कार्डावर कुटुंबातल्या कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. मी पैज लावून सांगते, यजमानांचं नाव नसेल, कारण भरती होताना ऑफिसातल्या मुलाने "नंतर टाकू" म्हटलेलं असतं आणि ते नंतर कधी येत नाही. त्यांचं आणि दोन्ही मुलांचं आधार नेऊन द्या आणि नावं चढल्याची प्रिंट हातात आल्याशिवाय पाठ सोडू नका. कापलेले पैसे खरंच भरले जातायत का, तेही त्याच नंबरावर दिसतं, ते पण बघून घ्या.

तुमचा दवाखाना कुठला, ते कार्डावर लिहिलेलं असतं. मोठं दुखणं असेल तर दवाखान्यातून कामगार रुग्णालयात पाठवतात, तुमच्या बाजूला ते वाशीला आहे, आणि तिथे होण्यासारखं नसेल तर बाहेरच्या रुग्णालयात. रांगा असतात, एका खेपेत काम होत नाही, हे मी लपवणार नाही. पण एक खेप आत्ताच, घरात सगळे धडधाकट असताना मारा. दोघांनी मिळून जा, केसपेपर काढा, यजमानांची शुगर तिथेच तपासून घ्या आणि रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर आधी कुठे जायचं आणि कोणाला कळवायचं, हे खिडकीवर विचारून वहीत लिहून ठेवा. घाईच्या वेळी ही माहिती शोधत फिरणारी माणसं मी फार बघितली आहेत.

मी ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात एकवीस वर्षं बिलिंगच्या काउंटरवर बसले. आधी रोख बिलं, मग कॅशलेसचं टेबल, म्हणजे जिथे बिल विमा कंपनी परस्पर भरते ते. त्यामुळे विमा नसलेली माणसं मला आकड्यांतून नाही, हातांतून आठवतात. इस्टिमेटचा कागद आपण काचेखालून सरकवतो, तेव्हा माणूस तो लगेच वाचत नाही. आधी घडी घालतो. मग उघडतो, शेवटची ओळ बघतो, परत घडी घालतो आणि विचारतो, "आत्ता किती भरावे लागतील?" हा प्रश्न विचारणाऱ्यांत बेफिकीर माणसं फारच थोडी होती. बहुतेक जण तुमच्या यजमानांसारखे होते, कधीतरी विमा असलेले. कंपनी सुटली, दुकान टाकलं, रिक्षा घेतली, आणि विमा मधेच कुठेतरी गळून पडला. "या महिन्यात फी आहे, पुढच्या महिन्यात बघू." असा एकेक महिना पुढे ढकलत सात वर्षं कधी होतात, हे घरातल्या कोणालाच कळत नाही. सरकारच्याच 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरांतल्या दर शंभर माणसांमागे सुमारे 81 जणांच्या पाठीशी कुठलाही आरोग्यविमा किंवा योजना नव्हती. तेव्हा आपणच तेवढे मागे राहिलो, ही लाज आधी मनातून काढा. ती लाज महाग पडते. कशी, ते पुढे सांगते.

उशीर झालाय का, असं विचारलंत. झालाय, आणि त्याची किंमतही आहे. 2019 मध्ये नोकरी सुटताना कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची वाट होती, आणि गटात काढलेली वर्षं तिथे धरली जातात. हे तेव्हा कोणी सांगितलं नसणार. (आज ज्यांची नोकरी सुटायच्या बेतात आहे, त्यांनी हे वाक्य परत वाचावं आणि शेवटच्या दिवसाच्या आधी एचआरला लेखी विचारावं.) तेव्हा पॉलिसी सुरू झाली असती, तर दोन वर्षांपूर्वी निघालेली शुगर "आधीपासूनचा आजार" ठरलीच नसती, पॉलिसीत असताना झालेला आजार ठरली असती. विमा नसलेल्या काळाचा खरा तोटा हा असा असतो. ज्या वर्षी काही होत नाही, त्या वर्षीसुद्धा शरीर आपल्या फॉर्मवर एकेक ओळ वाढवत असतं. या वर्षी शुगर, पुढच्या वर्षी बीपी, मग गुडघा. "इतकी वर्षं काही झालं नाही" असं यजमान म्हणतात, पण झालंय, शुगर झालीय. फक्त तिचं बिल अजून आलेलं नाही.

आज पॉलिसी घेतली तर काय होतं? पहिले तीस दिवस अपघात सोडून कशाचाच क्लेम मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा अशा ठरावीक दुखण्यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आणि आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. ही मुदत आधी चार वर्षांपर्यंत होती, विमा नियामकाने म्हणजे आयआरडीएआयने ती एप्रिल 2024 पासून तीनवर आणली. शुगर किंवा बीपी पहिल्या दिवसापासून धरणाऱ्या पॉलिसीही बाजारात आहेत, हप्ता जास्त पडतो. म्हणजे यजमान आज 48 चे, आज सुरुवात केली तर 51 व्या वर्षी शुगरसकट पूर्ण संरक्षणात असतील. दोन वर्षांनी केली तर 53 व्या. आणि तोवर फॉर्मवर अजून काय चढलं असेल ते सांगता येत नाही. हे घड्याळ पहिला हप्ता भरल्याशिवाय चालूच होत नाही. म्हणून उशीर झाला असला तरी आजच्यापेक्षा लवकरचा दिवस आता तुमच्या हातात नाही.

आता त्या एजंटाचं. त्याचा सल्ला ऐकू नका. अगदी स्पष्ट सांगते, तो माणूस तुम्हाला हप्ता भरूनही विम्याशिवाय ठेवतोय.

एक रात्र सांगते. पन्नाशीचे एक गृहस्थ, छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत आणलेले. बरोबर बायको, हातात पॉलिसीची फाईल, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. पॉलिसीला दोन वर्षं झालेली. मी कॅशलेसचा फॉर्म भरायला घेतला. पडद्यापलीकडे ज्युनिअर डॉक्टर तिला विचारत होता, बीपी आहे का, शुगर आहे का, कधीपासून. आणि ती माऊली सांगत होती, "हो, शुगर आहे की. पाच वर्षं झाली. गोळी कधी चुकवत नाहीत." नवऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असताना कुठली बायको डॉक्टरशी खोटं बोलेल? डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं, के-सी-ओ डीएम, फाइव्ह इयर्स, म्हणजे पाच वर्षांपासून मधुमेह. विमा कंपनीने तो केसपेपर मागवला. फॉर्मवर शुगरच्या रकान्यात "नाही" होतं. कॅशलेस नाकारलं, पुढे क्लेमही नाकारला. तिला वाटत होतं मी काहीतरी चुकीचं भरलं. ती मला सारखी सांगत होती, "मॅडम, एजंटने भरला होता हो फॉर्म, ह्यांनी फक्त सही केली." सही होती ना. दोन वर्षांचे हप्ते त्या पिशवीत होते आणि बिल वेगळं भरावं लागलं.

तुम्हीही त्या रात्री डॉक्टरला खरंच सांगाल, आणि सांगायलाच हवं. मग ते आधी फॉर्मवर का नको? एजंट कदाचित असंही सांगेल की पाच वर्षं सलग भरले की कंपनी काही विचारू शकत नाही. तो नियम खरा आहे, आधी आठ वर्षं होती ती पाच झाली. पण फसवणूक सिद्ध झाली तर त्या नियमाचा आडोसा मिळत नाही, आणि माहीत असून "नाही" लिहिणं म्हणजे दुसरं काय? शिवाय पाच वर्षं दुखणं थांबेल, याची हमी तो एजंट देणार आहे का?

खरं लिहिलं तर काय होईल, तर हप्ता थोडा वाढेल किंवा रक्ततपासणी करायला सांगतील. एखादी कंपनी नाही म्हणेल, मग दुसरीकडे जायचं. गोळीवर आटोक्यात असलेली शुगर बघून तीन-तीन कंपन्या तोंडावर दार लावतील, असं होत नाही. एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट बरा असेल तर उलट तुमचीच बाजू भक्कम होते. आणि "तपासण्या करू नका" हा सल्ला तर मला सगळ्यात घातक वाटतो. रेकॉर्ड होईल म्हणून शुगर न बघणारी माणसं शेवटी डायलिसिसच्या खुर्चीत बसलेली मी पाहिली आहेत. दर तीन महिन्यांनी तपासणी झालीच पाहिजे. पैसे वाचवायचे असतील तर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जा, तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगर तिथे तपासतात. ऐरोलीत तर महापालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालयच आहे.

पॉलिसी घेताना फार खोलात जाऊ नका, पण चार गोष्टी सोडू नका. तुम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून पाच लाखांची एक फ्लोटर पॉलिसी बघा, म्हणजे चौघांत मिळून एकच रक्कम. सासूबाईंना त्यात घालू नका, कारण फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो, त्यांचं वेगळं सांगते. खोलीभाड्याची मर्यादा वाचा. मर्यादा पाच हजारांची असेल आणि तुम्ही आठ हजारांची खोली घेतलीत, तर वरचे तीन हजारच खिशातून जातात असं नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च हेही त्याच प्रमाणात कापलं जाऊ शकतं. काउंटरवरची निम्मी भांडणं मी याच एका गोष्टीवरून ऐकली. फॉर्म एजंटला भरू देऊ नका, प्रत्येक प्रश्न स्वतः वाचून भरा. पॉलिसी हातात आली की तीस दिवसांच्या आत नीट वाचा, पटली नाही तर तेवढ्या मुदतीत परत करता येते. वैयक्तिक आरोग्यविम्यावर आधी 18 टक्के जीएसटी होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय, म्हणजे जुन्या हिशेबाने घाबरायचं कारण नाही. हप्ता महिन्याचा ठेवता येतो, फक्त तारीख चुकली तर पंधराच दिवसांची सवलत असते, तेव्हा तुमच्या पगाराच्या खात्यातूनच कापून घ्यायला सांगा. यजमानांच्या कामाचे पैसे कधी येतील त्यावर तो टांगू नका.

तुम्ही विचाराल, ईएसआय आहे तर हे कशाला? कारण ते तुमच्या या नोकरीला बांधलेलं आहे. पगार 21 हजारांच्या वर गेला किंवा नोकरी सोडलीत की काही महिन्यांत ते थांबतं. एकदा यजमानांच्या नोकरीबरोबर विमा गेला, तो परत तुमच्या नोकरीबरोबर जायला नको. पण ऐन आत्ता घरात पैशाची अगदीच ओढाताण असेल, तर ईएसआयचा आधार धरून दोन महिने थांबलात तरी आभाळ कोसळणार नाही. तेवढी मोकळीक त्या 120 रुपयांनी तुम्हाला दिली आहे.

यजमान इलेक्ट्रिकचं काम करतात, म्हणून एक छोटी गोष्ट आजच्या आज. बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वर्षाला 20 रुपये खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख मिळतात. रुग्णालयाचं बिल यातून मिळत नाही, पण शिडीवर चढणाऱ्या माणसाच्या घरात तो असायलाच हवा.

आता यजमानांचा मुद्दा, सरकारी योजना. त्याला उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती, 1 जुलै 2024 पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांवर गेली. तुमचं तर केशरी कार्डच आहे, तुम्ही आधीपासूनच त्यात होतात. हृदयाची ऑपरेशनं, कॅन्सर, डायलिसिस अशी मोठी दुखणी त्यात आहेत आणि जुन्या आजाराची आडकाठी नाही. या योजनेवर वाचलेली माणसं मी ओळखते. पण ती कशी चालते ते यजमानांना माहीत आहे का, विचारा. योजनेत उपचारांची ठरलेली यादी आहे. यादीत नसलेलं दुखणं बसत नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. आणि रुग्णालय योजनेत असावं लागतं, रस्त्यावरचं कुठलंही मोठं रुग्णालय चालत नाही. तुमच्या शेजारच्या काकांचंच बघा. अँजिओप्लास्टी योजनेत आहे, तरी ग्रुपवर वर्गणी काढावी लागली. बहुतेक घाईत जवळच्या, योजनेत नसलेल्या रुग्णालयात नेलं असणार आणि तिथून हलवायची कोणाची हिंमत झाली नसणार. त्यात त्या घरच्यांची चूक नाही, त्या क्षणी कोणाचंही डोकं चालत नाही.

म्हणून योजनेवर भिस्त ठेवायची असेल तर ती बसल्या जागी ठेवता येत नाही. 155388 ला फोन करा आणि ऐरोली, वाशी, नेरुळ, ठाणे या पट्ट्यात हृदयासाठी कुठली रुग्णालयं योजनेत आहेत, ती विचारून घ्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. भरती करताना पैसे भरायच्या आधी त्याला गाठायचं, रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. दोन-तीन रुग्णालयांची नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे मुलांनाही कळेल. हे सगळं यजमानांवर सोपवा. योजना आहे असं ते म्हणतात ना, मग तिची जबाबदारी त्यांची. माझा अनुभव सांगतो की विम्याला नको म्हणणारा माणूस असलं काम मन लावून करतो, आणि ते करता करता कुठे काय अपुरं आहे हे त्याला स्वतःलाच दिसतं.

आता यजमानांच्या पाकिटातल्या कार्डाकडे येते. मला माझा धाकटा भाऊ आठवला. चेंदणीला राहायचा. नोकरी सोडून त्याने झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि नऊ वर्षं विम्याशिवाय काढली. मी रोज दुसऱ्यांच्या पॉलिसी तपासत होते आणि सख्ख्या भावाला कधी विचारलं नाही, गृहीत धरलं की असेल. त्या वर्षी भाऊबीजेला वहिनी आली, तिच्या हातात पाटल्या नव्हत्या, नुसत्या हिरव्या काचेच्या बांगड्या. मनगटावर पाटल्यांच्या जागी फिकट पट्टा. मी विचारलं तेव्हा तिने स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. श्रावणात त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याच रुग्णालयात. मला कळवलंसुद्धा नाही. नंतर त्याला विचारलं, अरे मी त्याच कामात होते, का नाही सांगितलंस? खाली बघत म्हणाला, "तू ओरडली असतीस, ताई. एवढी वर्षं काय झोपला होतास, म्हणाली असतीस." आणि खरं आहे, म्हणाले असते. त्याला बिलापेक्षा माझी भीती जास्त वाटली. मी काही सवलत मिळवून देऊ शकले असते, निदान कुठली वाट आहे ते दाखवू शकले असते. ओरडण्याच्या भीतीने माणूस मदतीच्या दारापासून लांब राहतो, हे मी तेव्हा शिकले आणि त्यानंतर काउंटरवर कोणालाही "आधी का नाही काढलात?" असं विचारलं नाही.

तुमचे यजमान कार्ड टाकून देत नाहीत, याचा मला राग येत नाही, गलबलून येतं. त्या कार्डावर त्यांनी वडिलांचं ऑपरेशन करून आणलं होतं, खिशाला हात न लावता. रुग्णालयाच्या काउंटरवर ते कार्ड ठेवताना त्यांना आपण घर सांभाळणारा माणूस आहोत असं वाटलं असेल. 2019 ला नोकरीबरोबर तेही गेलं. विम्याचा विषय काढलात की तुम्ही विम्याचं बोलत असता आणि त्यांना ऐकू येत असतं नोकरीचं. म्हणून समोरच्या काकांचं उदाहरण देऊन, जेवताना, सासूबाईंसमोर हा विषय आता काढू नका. ईएसआयच्या कार्डाची प्रिंट काढा, त्यावर त्यांचं नाव चढू द्या आणि एका संध्याकाळी ती त्यांच्या हातात द्या. "हे बघा, तुमचं नाव आलं," एवढंच म्हणा. जुनं कार्ड टाका असं म्हणू नका. नवं त्याच पाकिटात, जुन्याच्या पुढच्या कप्प्यात बसेल.

पॉलिसीचा फॉर्म भरायला बसाल तेव्हाही पेन त्यांच्याच हातात द्या. मधुमेहाच्या रकान्यात "हो" त्यांनी स्वतः लिहिलं पाहिजे, कधीपासून आणि कुठली गोळी, हेही. घरात जी गोष्ट दोन वर्षं हळू आवाजात बोलली जातेय ती एकदा मोठ्या अक्षरात लिहिली की माणूस गोळ्याही नीट घेतो, तपासणीलाही जातो.

राहिल्या सासूबाई. त्यांचं काम सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात आधी करायचं आहे. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांचं संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून मिळतं. आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. हप्ता नाही, थांबायची मुदत नाही, त्यांचं जुनं दुखणं चालतं. यातही रुग्णालय योजनेतलंच लागतं, तेवढं लक्षात ठेवा. खासगी पॉलिसी त्यांच्यासाठी घ्यायला गेलात तर या वयात तुमचं अडीच हजारांचं बजेट त्यातच संपेल. 2024 पासून वयाचं कारण देऊन दार पूर्ण बंद ठेवता येत नाही हे खरं, पण दार उघडं असणं वेगळं आणि ते परवडणं वेगळं. कार्ड मोबाईलवरच्या आयुष्मान ॲपवर काढता येतं, जवळच्या सेवा केंद्रात किंवा आरोग्यमित्राकडेही काढून मिळतं. चौकशीला 14555 हा नंबर आहे. फक्त आधार लागतं.

एक गोष्ट जाण्याआधी बघा. त्यांच्या आधारला कुठला मोबाईल नंबर जोडलाय? बऱ्याच घरांत तो गेलेल्या माणसाचा, बंद पडलेला नंबर असतो आणि ओटीपी कुठेच येत नाही. बोटांचे ठसेही या वयात उमटत नाहीत, आयुष्यभर भांडी-धुणं करून रेषा झिजलेल्या असतात. मशीन तीन-चारदा नाही म्हणालं की म्हातारं माणूस ओशाळतं आणि "राहू दे गं, मला काय करायचंय" म्हणत उठायला बघतं. त्यांना उठू देऊ नका. चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, तशी पटवून घ्या म्हणून सांगा. सकाळच्या वेळेला जा, पाण्याची बाटली आणि त्यांचा चष्मा बरोबर घ्या.